सहा ट्रक कांदा आणि ७ डिसेंबर २०२३ ची रात्र: शब्द आधी कुणाचा पाळायचा?

हे प्रकरण एका शेतकरी उत्पादक कंपनीचं आहे, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड-निफाड पट्ट्यातली. कंपनीचं, माणसांचं नाव देत नाही, कंपनीतले आकडे पण गोल केलेत, बाकी जसं घडलं तसंच लिहिते. मी त्या काळात कंपनीचं निर्यातीचं कागदपत्रांचं काम बघायचे. कांदा निर्यातबंदीवर आपल्याकडे खूप बोललं गेलं पण बहुतेक वेळा ते शेतकरी विरुद्ध सरकार एवढंच असतं. पलीकडच्या देशात जो माणूस पैसे देऊन मालाची वाट बघत बसलाय त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला वाटतं दोन देशांतल्या व्यापारातली नीती बघायची तर तिथूनच बघायला पाहिजे.

पार्श्वभूमी

कंपनीचे साधारण ३०० सभासद, बहुतेक दोन-चार एकरवाले. आधी सगळे लासलगाव नाहीतर पिंपळगावच्या बाजारात ट्रॉली घेऊन जायचे. मग स्वतःचं शेड झालं, प्रतवारी, जाळीच्या गोण्या, आणि २०२२ पासून ढाक्याच्या श्यामबाजारातल्या एका घाऊक व्यापाऱ्याला थेट माल जायला लागला. त्याला सगळे भाई म्हणायचे. आमचे अध्यक्ष, म्हणजे नाना, आणि भाई हे दोघं मोडक्या हिंदीत बोलायचे आणि त्यांचं फार छान जमायचं. एकदा पावसात आमचा एक ट्रक अर्धा सडलेला पोचला होता तेव्हा भाईने सगळं नुकसान आमच्यावर टाकलं नाही, निम्मं स्वतः सोसलं. हे इथे मुद्दाम सांगतेय कारण पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मागे तो एक ट्रक होता.

बांगलादेश हा तेव्हा आपल्या कांद्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता. २०२२-२३ मध्ये भारतातून २५ लाख टनांच्या वर कांदा बाहेर गेला, त्यातला मोठा वाटा तिकडे. त्यांचा स्वतःचा कांदा मार्च-एप्रिलला येतो, तो संपत आला की वर्षाचे शेवटचे तीन-चार महिने ते आपल्याकडे बघतात. ढाक्यातल्या गरीब घरात पण कांद्याशिवाय भाजी होत नाही, आपल्यासारखंच आहे ते.

२०२३ मध्ये सरकारचं धोरण टप्प्याटप्प्याने आवळत गेलं. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क. मग ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे किलोला साधारण ६७ रुपयांच्या खाली कुणी माल बाहेर पाठवायचाच नाही. आपल्याकडे तेव्हा भाव ४० च्या आसपास होता. मधला फरक भरायचा कुणी? कागदावर भरणार ढाक्याचा व्यापारी, म्हणजे खरंतर ढाक्यातलं गिऱ्हाईक. धंद्यात तेव्हा ऐकू यायचं की बरेच जण कागदावर ८०० दाखवतात आणि वरचे पैसे दुसऱ्या वाटेने परत पाठवतात. भाईनेही एकदा आडून विचारलं. नानांनी नाही म्हणून सांगितलं. त्यामुळे ऑर्डर कमी झाली, आधी महिन्याला पंधरा ट्रक जायचे ते सहावर आले. पण जे सहा जाणार होते त्यात कंपनीला मार्जिन चांगलं होतं, आणि म्हणून सभासदांना किलोला ४० रुपये कबूल केले होते, बाजारापेक्षा दोन-चार रुपये जास्त.

आणि त्यातच २६ नोव्हेंबरला गारपीट झाली. निफाडकडे द्राक्षबागा झोपल्या, काढणीला आलेला लाल कांदा भिजला. जे वाचलं ते विकून लोक उधाऱ्या भागवणार होते.

नेमकी अडचण काय झाली

७ डिसेंबर, गुरुवार, उशिरा केंद्र सरकारची अधिसूचना आली. कांदा निर्यात ३१ मार्चपर्यंत बंद, अंमल लगेच. मला शुक्रवारी सकाळी साडेसहाला कळलं, व्हॉट्सॲपवर पीडीएफ येऊन पडलेली. नानांना फोन केला तर ते म्हणाले, ताई नीट वाचा, अर्धवट वाचून काही सांगू नका. मी तीनदा वाचलं.

सूट होती, पण बारीक. लोडिंग आधीच सुरू झालं असेल, किंवा शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद) भरून जहाज बंदराला लागलं असेल, किंवा माल अधिसूचनेच्या आधी कस्टम्सच्या ताब्यात जाऊन त्यांच्या सिस्टीममध्ये नोंदला असेल, तर ५ जानेवारीपर्यंत जाऊ देणार. हे सगळं बंदराच्या हिशोबाने लिहिलेलं. रस्त्याने चाललेल्या ट्रकचं काय हे त्यात कुठे बसत नव्हतं, निदान आमच्या एजंटने आणि सीमेवरच्या लोकांनी लोडिंग म्हणजे शेडमधलं लोडिंग धरायला साफ नकार दिला.

आमचे सहा ट्रक, प्रत्येकी २५ टन, असे होते. दोन पश्चिम बंगालमधल्या घोजाडांगा सीमेवर पोचलेले, त्यातल्या एकाचे कागद होऊन माल कस्टम्सकडे गेलेला, दुसरा पार्किंगमध्ये रांगेत. दोन रस्त्यावर, एक रायपूरच्या अलीकडे आणि एक ओडिशात. आणि दोन आमच्या शेडसमोर, भरून ताडपत्री बांधलेले.

पैशांचं असं होतं. १५० टनाची किंमत साधारण १ कोटी. भाईने त्यातले २० टक्के, म्हणजे २० लाख, आधीच पाठवलेले, बाकी एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे माल गेल्यावर पैसे द्यायची बँकेची हमी). सभासदांचा माल ६० लाखांचा, त्यातले ३० लाख वाटून झालेले, आणि ते ३० लाख कशातून दिले तर भाईचे २० आणि कंपनीचे १०. म्हणजे ढाक्याच्या माणसाचा ॲडव्हान्स चांदवडच्या शेतकऱ्याच्या घरात जाऊन खर्च पण झाला होता. सभासदांचे ३० लाख अजून द्यायचे होते.

शुक्रवारी दुपारपर्यंत लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा हायवेवर लोक बसले. भाव ४ हजार रुपये क्विंटलच्या आसपास होता तो पुढच्या दहा-बारा दिवसांत २ हजाराच्या खाली आला. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, टाकून थांबता आलं असतं, पण डिसेंबरचा लाल कांदा महिनाभर सुद्धा टिकत नाही. बंदी लाल कांद्याच्या ऐन आवकेत आली तर शेतकऱ्याकडे पर्यायच राहत नाही, मिळेल त्या भावाला द्यायचा. तिकडे ढाक्यात शनिवारी किलोचा भाव २०० टाकाच्या (टाका हे तिथलं चलन) वर गेला, एका रात्रीत. आमच्याकडे निम्मा आणि त्यांच्याकडे जवळजवळ दुप्पट, कांदा तोच. मधल्या रस्त्यावर तो आमच्या ट्रकमध्ये घाम सोडत उभा होता.

सरकारची बाजू

ही बाजू न मांडता पुढे गेले तर ते बरोबर होणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिल्ली-मुंबईत किरकोळ कांदा साठ-सत्तरच्या वर गेला होता. सरकार राखीव साठ्यातून २५ रुपयांनी विकत होतं, ते पुरत नव्हतं. पाऊस कमी, खरिपाची लागवड लांबलेली. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला ७० रुपयांचा कांदा म्हणजे काय हे मला कळतं. आपल्या देशातल्या माणसाला आधी खायला मिळावं ह्यात अनैतिक काही नाही. जागतिक व्यापाराचे नियम सुद्धा तेच म्हणतात, गॅट कराराच्या ११ व्या कलमात निर्यातीवर बंदी घालायला एरवी मनाई आहे पण अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती घालता येते.

पण त्याच नियमांत अजून एक गोष्ट आहे. डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, शेती कराराचं १२ वं कलम म्हणतं की अशी बंदी घालताना आयात करणाऱ्या देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करा आणि शक्य तितक्या आधी लेखी कळवा. विकसनशील देशांना ह्यातून सूट आहे, पण त्या विशिष्ट मालाचा जो निव्वळ निर्यातदार असेल त्याला नाही. आणि कांद्यात आपण निर्यातदार आहोत, छोटे पण नाही. २०१९ मध्ये २९ सप्टेंबरला बंदी घातली तेव्हा चार-पाच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या, आणि त्यांनी व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात हसत हसत हिंदीत सांगितलं होतं की मी आमच्या आचाऱ्याला सांगितलंय स्वयंपाकात कांदा बंद. सगळे हसले. पण त्या पुढे जे म्हणाल्या त्यात मागणं एवढंच होतं की असं काही करायचं असेल तर आधी सांगत जा. बंदीच घालू नका असं नव्हतं त्यांचं म्हणणं. त्यानंतर १४ सप्टेंबर २०२० ला परत तेच झालं, आणि २०२३ ला परत.

माझा राग बंदीवर नाहीये, रात्रीतून घातलेल्या बंदीवर आहे. पंधरा दिवसांनी बंद होणार असं सांगितलं असतं तर लोकांनी साठे केले असते, निर्यात घाईने वाढली असती, हा सरकारचा युक्तिवाद मला माहितीये आणि तो पोकळ नाही. पण मग निदान ज्याची एलसी उघडलीये, ज्याचे पैसे आलेत, जो माल गावातून निघालाय तेवढा तरी जाऊ द्या. त्याची यादी करता येते, बँकेत तारीख असते. तेवढ्याने मुंबईतला कांदा महाग झाला नसता.

समोर असलेले पर्याय

शुक्रवारी संध्याकाळी शेडमध्ये मीटिंग झाली, सात संचालक, मी आणि वाहतूकवाला. तीन तास.

पहिला पर्याय, ट्रक सीमेवर उभे ठेवायचे. २०२० मध्ये अडकलेला काही माल सरकारने नंतर सोडला होता, एजंट म्हणत होता दोन-तीन दिवसांत निघेल. पण ट्रक उभा ठेवायचं भाडं रोजचं आणि भिजलेल्या कांद्याला वास लागायला चार दिवस पुरतात.

दुसरा, माल देशातच विकायचा, जिथे ट्रक आहे तिथे.

तिसरा पर्याय रात्री नऊ वाजता फोनवर आला. एक ओळखीचा माणूस म्हणाला शेडमधले दोन ट्रक मला द्या, कंटेनरमध्ये दुसऱ्या मालाच्या नावाने दुबईला काढतो, किलोला ७० देतो, रोख. ७० रुपये! ५० टनाचे ३५ लाख, म्हणजे जवळजवळ सगळा खड्डा तिथेच भरत होता. दोन संचालकांचं मत होतं की सरकारने आपल्याशी बेईमानी केली तर आपण का नाही, आणि खरं सांगते त्या क्षणी मला त्यांना उत्तर देता आलं नाही. उत्तर नानांनी दिलं. ते म्हणाले, बिलावर सही कुणाची असणार? कंपनीची. म्हणजे तीनशे घरांची. ते तीनशे लोक इथे नाहीयेत विचारायला. एवढंच बोलले आणि फोन ठेवून दिला. (नंतर टोमॅटोच्या नावाखाली कांदा पाठवताना कस्टम्सने पकडल्याच्या बातम्या आल्याच. पण नाही पकडलं असतं तरी निर्णय तोच बरोबर होता असं मला वाटतं, पकडले जाऊ ह्या भीतीने घेतलेला नव्हताच तो.)

चौथा पर्याय ॲडव्हान्सबद्दलचा. सरकारी बंदी म्हणजे आमच्या हातात नसलेली गोष्ट, तेव्हा भाईला कळवायचं की माल येणार नाही आणि पैशांचं बंदी उठल्यावर बघू. त्याच्याकडे नीट करारसुद्धा नव्हता, एक प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल, आणि बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. एक संचालक म्हणाला ढाक्याचा माणूस चांदवडच्या कोर्टात थोडीच येणार आहे. ह्या वाक्यावर मला फार वाईट वाटलं. कारण ते खरं होतं. दोन देशांमधल्या व्यवहारात छोट्या माणसाला दाद मागायला जागाच नाही, त्याच्याजवळ फक्त समोरच्याचा शब्द असतो.

पाचवा, सभासदांचा भाव. बाजार पडला तर आपणही ४० चे २० करायचे का? व्यापाऱ्यांनी केलंच, कितीतरी ठिकाणी सौदा झालेला माल परत पाठवला.

काय केलं

त्या रात्री तीन गोष्टी ठरल्या. लपवाछपवी नाही. ७ तारखेच्या रात्रीपर्यंत ज्याचं वजन झालं त्याला ४० रुपयेच मिळणार, उशिरा मिळतील. आणि भाईला आत्ताच फोन करायचा, सगळं खरं सांगायचं.

फोन नानांनी स्पीकरवर केला. भाईला आधीच कळलं होतं. तो चिडला नाही, फक्त म्हणाला, दादा मैंने आगे बेच दिया है. म्हणजे त्यानेही आमच्या मालावर पुढे शब्द दिलेला. मग ह्या साखळीत पुढे कुणी हातगाडीवाला, कुणी खाणावळवाली, त्यांनीही आपापलं काही ठरवलं असणार. नाना म्हणाले तुझे पैसे परत येतील, जानेवारी संपायच्या आत. हे त्यांनी आम्हाला न विचारता सांगितलं आणि त्यावर नंतर मीटिंगमध्ये बरंच वाजलं.

कस्टम्सकडे गेलेला एक ट्रक सुटीत बसला आणि चार दिवसांनी पलीकडे गेला. रांगेतला दुसरा आम्ही पाच दिवस उभा ठेवला. ही चूक. एजंट रोज उद्या म्हणायचा आणि आम्ही रोज ऐकायचो. शेवटी कोलकात्यात विकला तेव्हा तीन टन फेकून द्यावा लागला. ओडिशातला ट्रक सरळ कोलकात्याला, रायपूरच्या अलीकडचा रायपुरातच. ह्या तिन्हीचे मिळून १७ लाख आले. शेडसमोरचे दोन ट्रक सोडून परत लासलगावला लिलावात नेले, १८ रुपये मिळाले, ९ लाख. ज्या गोण्यांवर ढाक्याचा मार्का छापलेला त्या कापून कांदा मोकळा करताना बघवत नव्हतं.

पलीकडे गेलेल्या ट्रकवर एक वाद झाला. ढाक्यात भाव दुप्पट झालेला, भाईला तो माल ठरल्या भावात मिळाला, मग त्याने जो जास्तीचा कमावला त्यातला वाटा मागायचा का? दोघं-तिघं अडून बसले. मला ते मागणं पूर्ण चुकीचं वाटत नव्हतं, पण ठरलेला भाव पडला तर आपण त्याच्याकडे कमी मागायला गेलो असतो का असं एकाने विचारलं आणि विषय मिटला. भाईने तो माल चालू भावानेच विकला, त्याने नंतर स्वतःच सांगितलं. म्हणजे त्या ट्रकमागे खरी झळ बसली ती शेवटच्या गिऱ्हाइकाला, आणि ते आमच्या टेबलावर कुणाच्याच हिशोबात नव्हतं. हे मला अजून खुपतं.

आता सगळ्यात अवघड जागा. हातात आलेले पैसे, पहिल्या ट्रकच्या एलसीचे धरून, ४० लाखांच्या आत. द्यायचे: सभासदांचे ३०, भाडं-पॅकिंग-हमाली ९, भाईचे साडेसोळा. पंधरा-सोळा लाख कमी. कुणाला आधी?

भाडं-हमाली ताबडतोब दिली, त्यावर वाद नव्हता, ड्रायव्हर लोक आठ-दहा दिवस अडकले होते. उरलेल्या ३० लाखांत ताणाताणी सुरू झाली. एक बाजू म्हणत होती आधी आपला शेतकरी, गारपीट झालीये, लग्नं आहेत, पीककर्जाचे हप्ते आहेत, परदेशी व्यापारी सहा महिने थांबला तर मरत नाही. दुसरी बाजू, म्हणजे नाना आणि मी, आमचं म्हणणं होतं की ते २० लाख आपले कधी नव्हतेच. सभासदाचं देणं हे आपलं देणं आहे पण ते त्या माणसाच्या पैशातून फेडणं म्हणजे आपली टंचाई त्याच्यावर ढकलणं. आणि आपण इतके दिवस सरकारला ह्याच गोष्टीसाठी शिव्या घालतोय, आपल्या घरात कमी पडलं म्हणून पलीकडच्याचा शब्द मोडला. मग आपण वेगळं काय करतोय.

शेवटी मधला मार्ग निघाला. सभासदांना उरलेल्यातले तीन चतुर्थांश डिसेंबरअखेर, भाईचे पैसे जानेवारीत, सभासदांचा राहिलेला चौथा हिस्सा एप्रिलपर्यंत. कमी पडणाऱ्या रकमेसाठी राखीव निधी मोडला आणि शेडवर कर्ज घेतलं.

पैसे परत पाठवणं पण सोपं नाही हे तेव्हा कळलं. आलेला ॲडव्हान्स परत पाठवायचा तर बँकेला कारण, कागद, अधिसूचनेची प्रत, पत्रव्यवहार सगळं लागतं, बँकेतला माणूस म्हणाला मॅडम असं परत पाठवायला सहसा कुणी येत नाही. तीन आठवडे गेले. २९ जानेवारीला पैसे गेले.

परिणाम

कंपनीला साधारण २६ लाखांचा फटका बसला. दोन वर्षांची कमाई. चाळीस-पन्नास सभासद सोडून गेले, त्यांचं म्हणणं बाहेरच्याला आधी दिलं आणि आम्हाला एप्रिल दाखवला. त्यांचा राग मला समजतो.

बंदी ३१ मार्चला उठणार होती, २२ मार्चला ती बेमुदत वाढवली. मधल्या काळात काही देशांना ठराविक कांदा द्यायचं सरकारने ठरवलं, बांगलादेशला ५० हजार टन, पण तो सरकारी पुढाकाराने काढलेल्या एका सहकारी निर्यात संस्थेमार्फतच. म्हणजे भाईला कांदा हवा होता, आमच्याकडे कांदा होता, सरकारचीही द्यायला ना नव्हती, तरी आम्ही एकमेकांना विकू शकत नव्हतो. एप्रिलमध्ये गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली तेव्हा नाशिक जिल्ह्यात जो संताप झाला तो सगळ्यांना आठवत असेल. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये ती अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण काढलं. तोपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं होतं. २०२२-२३ मध्ये २५ लाख टन जाणारी निर्यात २०२३-२४ मध्ये १७ लाखांवर आली. बांगलादेशने पाकिस्तान, चीन, इजिप्तकडून घेतला, आणि मुख्य म्हणजे स्वतःचं उत्पादन वाढवायच्या मागे लागला. तीनदा दार तोंडावर आपटल्यावर कुणीही तेच करेल.

भाई जून २०२४ मध्ये परत आला, दोन ट्रकपुरता. ॲडव्हान्स आता देणार नाही म्हणाला, माल सीमेपलीकडे उतरला की पैसे. नानांनी मान्य केलं.

परत वेळ आली तर

सगळ्यात आधी हे कबूल करायला हवं की बंदी आम्हाला अचानक वाटायला नको होती. चार वर्षांत तिसरी होती ती. ऑगस्टमध्ये शुल्क, ऑक्टोबरमध्ये किमान मूल्य, पुढची पायरी कोणती असणार हे शेंबड्या पोराला कळलं असतं. तरी आम्ही सहाही ट्रक एकाच आठवड्यात काढले कारण मार्जिन दिसत होतं. दोन-दोन करून काढायला पाहिजे होते, पहिले दोन पलीकडे गेल्याशिवाय पुढचे भरायचे नाहीत.

ॲडव्हान्स वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि माल सीमा ओलांडेपर्यंत हात लावायचा नाही. हे जर केलं असतं तर आधी कुणाला हा प्रश्न आलाच नसता. आता कंपनीत हा नियम आहे.

सभासदांना एकच मोठा आकडा कबूल करण्यापेक्षा खालचा भाव पक्का आणि निर्यात झाली तर वरचा बोनस, असं सांगायला हवं होतं. ४० चा शब्द आम्ही पाळला त्याचा मला अभिमान आहे, पण तो शब्द द्यायचा अधिकार आम्हाला होता का? तो भाव भाईच्या खिशावर आणि सरकारच्या मर्जीवर उभा होता आणि शेतकऱ्याला ते माहीत नव्हतं.

आणि एक चूक जी मला सगळ्यात जास्त लागते. उरलेले पैसे वाटताना आम्ही सगळ्यांना सारख्या टक्क्याने दिले, हिशोबाला सोपं म्हणून. ज्याचा दीडशे क्विंटल त्याला पंचाहत्तर टक्के आणि ज्याचा दहा क्विंटल त्यालाही पंचाहत्तर. दहा क्विंटलवाल्यांचं पूर्ण देणं मिळून दोन लाखांच्या आत होतं. ते पूर्ण देऊन मोठ्यांना थांबवता आलं असतं, आणि मोठे थांबलेही असते, विचारलं असतं तर. एका ताईंनी मार्चमध्ये त्यांचे अडीच हजार मागायला तीन चकरा मारल्या. परदेशातल्या माणसाचे साडेसोळा लाख वेळेत गेले आणि गावातल्या बाईचे अडीच हजार राहिले, ह्याला माझ्याकडे काहीच उत्तर नाही.

करारात बंदी आली तर काय, ट्रक कुठे असेल तर नुकसान कुणाचं, ॲडव्हान्स किती दिवसांत परत, हे आता दोन पानांवर लिहून दोघांच्या सह्या घेतो. भाईला आधी ते आवडलं नव्हतं, विश्वास नाही का म्हणाला.

२०२५ च्या उन्हाळ्यात उलटं झालं. बांगलादेशचा स्वतःचा कांदा बाजारात होता, तिथल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून त्यांच्या सरकारने आयात परवाने अडवून धरले. आमच्याकडे उन्हाळ कांदा चाळी भरून पडलेला, लासलगावला भाव हजार-बाराशे. नानांनी भाईला फोन लावला, मी शेजारीच होते. भाई म्हणाला दादा क्या करूं, हमारे किसान का भी देखना पड़ता है ना सरकार को. नाना थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले बरोबर आहे भाई, परवाना निघाला की कळव, दोन ट्रक तुझ्यासाठी बाजूला ठेवतो.